नर फूल, मादी फूल: कोहळ्याच्या वेलावरची एक सकाळ

(दृश्य: झुंजुमुंजू. कन्हान नदीकाठची भाजीची वाडी. कुंपणावर चढलेला कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल.)

नागपुरातून कामठीकडे निघालं की कन्हानच्या काठाला भाजीच्या वाड्या लागतात. श्रावण आहे, वेल कुंपणाबाहेर सांडलाय. तांबडं फुटायच्या आधीच फुलं उमलली आहेत, ताटलीएवढी, पिवळीजर्द. या फुलांना आयुष्य मिळतं एका सकाळचं. उन्हं चढली की पाकळ्या मिटतात त्या कायमच्या.

(दृश्य: नर फूल, अगदी जवळून.)

हे नर फूल. लांब, बारीक देठ. आत मधोमध उभा खांब दिसतो, तो पुंकेसर, म्हणजे फुलाचे नर भाग, एकमेकांना बिलगून झालेला. त्याला बोट लावलं की पिवळी पूड चिकटून येते. हे परागकण. कोहळ्याचे परागकण चांगलेच मोठे, काटेरी आणि चिकट असतात. मक्याचे पराग वारा नेतो. हे वाऱ्याला पेलत नाहीत. कुणीतरी अंगावर घेऊनच न्यावे लागतात.

(दृश्य: मादी फूल. कॅमेरा पाकळ्यांवरून खाली देठाकडे.)

आणि हे मादी फूल. वरून पाहिलं तर फरक कळणार नाही. खाली बघा. पाकळ्यांच्या बुडाशी बोराएवढं हिरवं, लवदार कोहळं आधीच बसलंय. हा अंडाशय. आत शेकडो बीजांडं, म्हणजे उद्याच्या बिया, आहेत आणि ती परागांची वाट पाहताहेत. शाळेत आपल्याला जास्वंद कापून दाखवतात. तिच्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात. आपल्या संत्र्याच्या फुलातही तसंच. त्यामुळे फुलं वेगवेगळी असतात हे मनात ठसतच नाही.

(दृश्य: मधमाशी नर फुलात शिरते. संथ गतीत.)

आता ही पाहुणी. तिला हवा मकरंद, आणि तो आहे खांबाच्या तळाशी, बारीक फटींच्या आत. तिथवर पोचायचं तर खांबाला अंग घासतच उतरावं लागतं. बाहेर आली तेव्हा पाठ, पाय, अंगावरची लव, सगळं पिवळंधम्मक! तशीच ती शेजारच्या मादी फुलात उतरली. इथे मध्यभागी जाडसर कुक्षी, म्हणजे पराग झेलायची जागा, आहे आणि मकरंद तिच्या पायथ्याशी, गोलाकार. माशी त्याभोवती फिरते आणि अंगावरची पूड कुक्षीला लागते. या कामाची मजुरी आपण कधी दिलेली नाही.

कुक्षीवर रुजलेल्या परागकणातून सूक्ष्म नळी निघते, ती बीजांडापर्यंत पोचते आणि बी धरतं. भरपूर पराग मिळाले तर कोहळं गोल भरतं. कमी पडले तर वेडंवाकडं वाढतं, मिळालेच नाहीत तर पिवळं पडून गळतं.

(दृश्य: नाल्याकाठचा एरंड. फुलांचा तुरा, वर लाल, खाली पिवळसर.)

हा एरंड आपल्याकडे कुठल्याही नाल्याकाठी उगवतो. याच्या तुऱ्यात वरची लाल केसराची फुलं मादी, खालची पिवळसर नर. याच झाडाने झाडांमधल्या नर-मादीचा पुरावा दिला. जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी रुडॉल्फ कामेरारियस नावाचे वैद्य तिथली वनस्पतीबाग सांभाळत. त्यांनी एरंडाची नर फुलं उमलण्याआधीच खुडून टाकली. मादी फुलांना हात लावला नाही. बोंडं दिसली, पण पोकळ. बी भरलंच नाही. मक्याच्या कणसाचे केस कापून पाहिले, तिथेही दाणे नाहीत. १६९४ साली त्यांनी हे सगळं एका लांबलचक पत्रात लिहून ठेवलं. तोवर पराग म्हणजे झाडाने बाहेर टाकलेला मळ, असं मानणारे विद्वानही होते.

(दृश्य: बाजारात काटवलांचा ढीग, तराजू.)

पावसाळ्यात आपण हौसेने घेतो त्या काटवलांची, म्हणजे करटोलीची, तर तऱ्हाच वेगळी. तिथे नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. लागवड करणारे म्हणूनच मादी वेलांमध्ये थोडे नर वेल राखतात. फळ देत नाही म्हणून नर वेल उपटला, तर शेजारच्या मादी वेलांवरही काटवल धरत नाही.

(दृश्य: पुन्हा वाडी. खांद्यावर पंप, फवारणी.)

कोहळ्याची नर फुलं आधी येतात आणि जास्त येतात, म्हणून त्यांना वांझ म्हणून तोडू नका. कीटकनाशक मारायचंच असेल तर फुलं मिटल्यावर, संध्याकाळी मारा. सकाळच्या फवारणीत किडीबरोबर माशीही जाते.

(दृश्य: गच्चीवरची कुंडी. हातात नर फूल.)

गच्चीवर वेल आहे आणि माश्या फिरकत नाहीत? ताजं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या सोलून काढा आणि उरलेला खांब मादी फुलाच्या कुक्षीवर हलक्या हाताने फिरवा. मात्र उन्हं चढायच्या आत उरका.