गॅलरीच्या टोकापर्यंत

मंडळी, कॅन्सरने पोखरलेल्या कमरेच्या हाडाला मोठी चिरफाड न करता आधार कसा देतात, हे सांगायला मला बोलावलंय. तिकडे येतोच. पण आधी लालबागच्या एका चाळीतल्या मावशींबद्दल बोलू द्या. या विषयाच्या मागे मी लागलो तो त्यांच्यामुळे.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. संडास गॅलरीच्या टोकाला. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमो झालेली. घरच्यांच्या लेखी तो विषय संपला होता. मग उजव्या जांघेत दुखायला लागलं. एका डॉक्टरांनी संधिवात म्हटलं, दुसऱ्यांनी सायटिका. मालीशवाला घरी यायला लागला. चार महिने गेले. ‘पूर्वी कॅन्सर झाला होता का?’ असं कुणी विचारलं नाही आणि मावशींनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या घरात त्याला ‘ते मोठं दुखणं’ म्हणत आणि तेवढ्यावर थांबत. आपल्यापैकी किती घरांत असंच आहे, ते ज्याचं त्याने आठवावं.

अखेर एक्स-रे काढला. खुब्याची वाटी, म्हणजे मांडीचं हाड ज्यात बसतं तो खळगा, पोखरलेली. एका मोठ्या रुग्णालयात त्यांना सांगितलं गेलं, ‘एवढं पसरलंय, आता ऑपरेशनचा काय उपयोग? झोपून राहा.’ मी तेव्हा तिथे शिकत होतो. मावशींनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, ‘बाळा, संडासापर्यंत तरी जाता येईल ना रे?’ मला उत्तर देता आलं नाही.

‘काय उपयोग’ या दोन शब्दांवर माझा राग आहे, आणि तो वयाबरोबर वाढतोय. माणूस झोपून राहिला की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. शिवाय पुढची केमो झेपेल का, हे ठरवताना डॉक्टर पहिल्यांदा पाहतात ते पेशंट किती हिंडतोफिरतो हे. म्हणजे चालणं गेलं की औषधही हातचं जातं.

ज्यांच्या इमारतीला टेकू लागलेत त्यांनी जरा हात वर करा. बघा, बरेच निघाले! ‘इमारत कधीतरी पडणारच, मग टेकू कशाला?’ असं तुम्ही म्हणालात का? आत माणसं राहतात म्हणून टेकू लावतात.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा मुख्य भाग भरभर सांगतो. पाठीच्या कण्यावरून येणारा भार माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडातून खुब्याच्या वाटीत आणि तिथून मांडीत उतरतो. भाराची ही वाट पोखरली की पाय टेकताना कळ येते. सीटी किंवा सी-आर्मवर, म्हणजे टेबलाभोवती फिरणाऱ्या एक्स-रे यंत्रावर, पाहत, लहानशा छेदातून सुई आत घालतात. गाठ उष्णतेने जाळतात किंवा गोठवून मारतात. आत घातलेल्या बारीक तारेवरून पोकळ स्क्रू सरकवतात आणि पोकळीत सिमेंट भरतात. हे सिमेंट बांधकामाचं नव्हे. कवळी ज्या ॲक्रिलिकची होते त्याच जातीचं, मिनिटांत घट्ट होणारं. सुईने सिमेंट भरण्याची ही रीत १९८४ साली फ्रान्समधल्या आमियाँ शहरात गालिबेर आणि देरामाँ यांनी मानेच्या मणक्यात प्रथम वापरली. सिमेंट दाब सोसतं, पण ताण आणि पीळ पडला तर तडकतं. स्लॅबमध्ये सळई घालतात ना, तसे म्हणूनच स्क्रू. बरेच पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाय टेकतात. मोठी जखम भरायची नसल्याने रेडिएशन किंवा केमोही फार रखडत नाही.

याने कॅन्सर बरा होत नाही, हे स्पष्ट सांगतो. रेडिएशन, हाडं बळकट करणारी इंजेक्शनं, हे चालूच ठेवावं लागतं. सिमेंट सांध्यात झिरपू शकतं, क्वचित रक्तातून फुप्फुसात जातं. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या कॅन्सरच्या गाठींत रक्त फार, म्हणून तिथे आधी रक्तवाहिनी बंद करण्याचा विचार करावा लागतो. वाटी पार कोसळली असेल तर मोठं ऑपरेशनच लागतं.

आता अध्यक्षांची चिठ्ठीच आली. एवढंच ऐका: कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाच्या जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल, पाय टेकल्यावर वाढत असेल, तर मालीश थांबवा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात जुनं दुखणं सांगा. कॅन्सरचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर आणि सुईने हे काम करणारे रेडिओलॉजिस्ट, तिघांना एकत्र बसून फोटो पाहायला लावा. ज्यांनी एक्स-रे आणलेत त्यांच्यासाठी मी खाली पायऱ्यांपाशी थांबतो.