चादर आला रे!

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरात गाण्याची परीक्षा घ्यायची एक पद्धत होती. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. मजुरी हजारावर, म्हणजे हात थांबला की पैसे थांबले. शेजारी रेडिओ चालू. गाणं आवडलं म्हणून तिनं कधी मान डोलावली नाही की वाहवा केली नाही. तिच्या बोटांचा वेग तेवढा गुपचूप गाण्याच्या लयीला येऊन मिळायचा. पान, तंबाखू, वळण, दोरा. पान, तंबाखू, वळण, दोरा. गाणं पडेल असलं की बोटं एकीकडे आणि गाणं दुसरीकडे. गंमत म्हणजे मराठी गाण्यांतले अर्धे शब्द तिला कळायचे नाहीत. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. हिंदी गाण्यांचं तर विचारूच नका. पण बोटांना सगळं कळायचं.

मी स्वतः आधी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचो. आता दहा बाय बाराच्या एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. आरत्या, जयंतीची गाणी, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांतली गाणी आणि रिक्षावर भोंगा लावून फिरवायच्या जाहिराती, असा आमचा कारभार. आज मात्र बोलायचंय दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणाऱ्या एका स्वीडिश माणसाबद्दल. त्याचं नाव तुम्ही बहुधा ऐकलेलं नाही. त्याची गाणी तुमच्या पोरांच्या मोबाईलमध्ये आहेत. नाव मॅक्स मार्टिन.

माझी त्याची ओळख झाली ती नाव न कळताच. 1999 किंवा 2000 साल असेल. एका कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा ऑर्केस्ट्रा होता आणि पोरांनी हट्ट धरला की बॅकस्ट्रीट बॉइज या अमेरिकन पोरांच्या गटाचं 'आय वाँट इट दॅट वे' पाहिजे म्हणजे पाहिजे. कॅसेट आणून गाणं बसवायला घेतलं. ऐकताना वाटलं, यात आहे काय? चार सूर, साधं गिटार. बसवायला गेलो आणि घाम फुटला. प्रत्येक जागा मोजून मापून केलेली. शेवटी धृवपद अख्खा एक स्वर वर चढतं. मी ट्रान्सपोजचं बटण दोनदा दाबलं, गायक बिचारा खालच्याच पट्टीत राहिला, आणि पोरांनी जी काय हुर्यो केली ती अजून कानात आहे. त्या रात्री घरी येऊन ते गाणं मी वीस-पंचवीस वेळा ऐकलं असेल. शब्द लागेनात. माझं इंग्रजी कच्चं म्हणून लागत नसतील, असं समजून कॉलेजात शिकवणाऱ्या एका शेजाऱ्याला विचारलं. त्यानंही डोकं खाजवलं. कडव्यात 'मला तसंच हवंय' आणि धृवपदात 'मला तसंच हवंय हे तुझ्या तोंडून ऐकायचं नाही'. तसं म्हणजे कसं? पत्ता नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की हा प्रश्न एकट्या मला पडलेला नव्हता. रेकॉर्ड कंपनीलाही पडला होता. मॅक्स मार्टिन आणि त्याचा जोडीदार आंद्रेआस कार्लसन यांनी ते गाणं लिहिलं. अर्थ लागत नाही म्हणून शब्द बदलून, नीट अर्थ लागेल असं दुसरं गाणं त्याच चालीवर रेकॉर्डसुद्धा झालं. मग दोन्ही ऐकली, आणि गाणाऱ्या पोरांनी बिनअर्थाचंच ठेवलं.

आता हा माणूस कोण? कार्ल मार्टिन सँडबर्ग, जन्म 1971, स्टॉकहोमच्या जवळचा. स्वीडनमध्ये नगरपालिकेच्या संगीतशाळा असतात. तिथं हा पोरगा आधी बासरीच्या जातीचं एक वाद्य शिकला, मग फ्रेंच हॉर्न, ड्रम, की-बोर्ड. आपलं जे काही झालं ते या सरकारी संगीतशिक्षणामुळं, असं तो आजही सांगतो. शाळा अर्धवट सोडून एका रॉक बँडमध्ये तो गायला लागला. केस लांब, आवाज मोठा. बँड फार चालला नाही. पण त्या निमित्तानं स्टॉकहोममधल्या शेरॉन नावाच्या स्टुडिओत त्याचं जाणं-येणं सुरू झालं, आणि तिथं त्याला गुरू भेटला.

या गुरूबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मला शिष्यापेक्षा हाच जास्त आवडतो. नाव डेनिझ पॉप. अर्थात हेही घेतलेलंच नाव. मूळचा डीजे. एकही वाद्य धड येत नव्हतं. पण रात्रभर लोकांना नाचवून त्याला एक गोष्ट पक्की कळलेली होती, की कुठल्या क्षणाला माणूस नाचायचं सोडून पाणी प्यायला जातो. तो क्षण गाण्यात येऊच द्यायचा नाही, एवढं त्याचं शास्त्र. त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. गोथेनबर्गच्या एका नवख्या गटानं त्याला गाण्याची कॅसेट पाठवली. त्यानं गाडीत लावली, आवडली नाही, आणि नेमकी ती कॅसेट प्लेअरमध्ये अडकली. निघेचना! गाडी सुरू केली की तेच गाणं. असे दोनेक आठवडे गेले. रोज ऐकून ऐकून त्याच्या लक्षात आलं की यात काय कमी आहे आणि काय जास्त आहे. त्यानं ते गाणं नव्यानं केलं. तो गट म्हणजे एस ऑफ बेस. 1993 साली ते गाणं इंग्लंड-जर्मनीत पहिल्या नंबरावर होतं. आमच्या काळात सोलापुरात ज्यांच्या टेपरेकॉर्डरनं कॅसेट गिळली, त्या सगळ्यांनी पेन्सिल घालून ती सोडवली आणि संधी घालवली म्हणायची.

तर या डेनिझनं कार्ल मार्टिनला हाताशी धरलं आणि त्याचं बारसंही केलं, मॅक्स मार्टिन. शिष्य दोन वर्षं रात्रंदिवस त्या स्टुडिओत बसून नुसतं पाहत होता, इथं नक्की चाललंय काय ते. आमच्याकडे मागावर नवा पोरगा आला की आधी कांड्या भरतो, मागाला हात लावू देत नाहीत. तसंच. 1998 च्या ऑगस्टमध्ये डेनिझ पॉप पोटाच्या कॅन्सरनं गेला. वय 35. आणि त्याच वर्षी शिष्याचं ते गाणं आलं, ज्यानं सगळी घडी बदलून टाकली.

गाणं '...बेबी वन मोअर टाइम', गाणारी ब्रिटनी स्पिअर्स, तेव्हा सोळा वर्षांची. आधी ते गाणं टीएलसी या अमेरिकन मुलींच्या गटाला दिलं होतं. त्यांनी नको म्हटलं. अडचण दोन शब्दांची होती, 'हिट मी'. मॅक्सला वाटलेलं की अमेरिकेतली पोरं फोन कर म्हणायला असं म्हणतात. अमेरिकन कानाला ऐकू आलं 'मला मार'. मोठीच भानगड. शेवटी गाण्याच्या नावातून ते शब्द गाळले आणि त्या जागी तीन टिंबं ठेवली. रेकॉर्डवर ती टिंबं अजून आहेत. गाण्यातले शब्द मात्र कुणी हलवले नाहीत. 1999 च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं.

का हलवले नाहीत? इथं मला आमचीच एक जाहिरात सांगावी लागेल.

चादर-टॉवेलच्या एका दुकानासाठी मी जिंगल केली होती. रिक्षावर वाजवायची, वीस सेकंदांची. चाल झाली, शब्द बसवले: 'नवीन चादर आला रे!' दुकानदार ऐकून म्हणाला, "काय बे, चादर आला? चादर आली म्हण की!" त्याचं बरोबर होतं. आमच्या तेलुगूत वस्तूंना ही भानगडच नाही. चादर असो, टॉवेल असो, 'वच्चिंदी' म्हटलं की काम झालं. मराठीतल्या तो-ती-तेनं आम्हा पूर्व भागातल्या पोरांचा शाळेत फार छळ केलाय. मी 'आली' करून पाहिलं. अक्षरं तेवढीच, दोन. पण त्या जागी सूर लांब धरायचा होता, आणि 'ली'वर सूर धरला की तोंड मिटतं. 'ला' म्हटलं की तोंड उघडतं, आवाज पार पलीकडच्या गल्लीत जातो. भोंग्यावर तर फारच फरक. मी म्हटलं, शेठ, आठ दिवस वाजवून बघा. आठ दिवसांत शाळेतून येणारी पोरं मुद्दाम 'चादर आलाऽऽ' ओरडायला लागली. दुकानदार हसला, पण पैसे देताना पन्नास रुपये कापलेच, व्याकरणाचे म्हणून.

तर मॅक्स मार्टिनचं शास्त्र साधारण असं आहे. आधी चाल. चालीला नुसते आवाज, ज्याला आम्ही डमी शब्द म्हणतो. त्या आवाजांत कुठला स्वर कुठं मोकळा बसतो ते बघायचं आणि मग अर्थाचे शब्द आणायचे. त्याच्याबरोबर लिहिणारे याला चालीचं गणित म्हणतात. पहिल्या ओळीत जितकी अक्षरं, जोडीच्या ओळीत तितकीच, जोरही त्याच जागी. एक अक्षर वाढवलं तर ती चालच राहिली नाही, दुसरी झाली. ऐकायला परदेशी वाटतं, पण शाळेत आपल्याला भुजंगप्रयाताचे लघु-गुरु पाडायला लावले होते, ओळीला बारा अक्षरं, ते काय होतं? माझ्या वडिलांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मागावर नक्षी पाडणाऱ्या जॅकार्डच्या पुठ्ठ्यावर एक भोक जास्त पडलं की फुलाची पाकळी बिघडते आणि मग प्रत्येक चादरीवर तीच बिघडलेली पाकळी येते.

आणि परक्या भाषेत लिहायचं म्हणाल, तर त्यात सोलापूरकराला काही नवल वाटायला नको. दोनशे वर्षांपूर्वीचे आपल्या गावचे शाहीर राम जोशी. एकाच लावणीत चार चार भाषांची मिसळ करायचे. ऐकणाऱ्यांना सगळ्या भाषा येत असतील असं नाही. पण भाषा बदलली की कानाला मिळणारा धक्का सगळ्यांना कळायचा.

मॅक्सच्या कामाची दुसरी तऱ्हा मला थोडी खटकते, तीही सांगतो. गाणं झालं की मॅक्स स्वतः ते गाऊन रेकॉर्ड करतो, जागा, श्वास, हुंकार सगळं धरून. गायक ते ऐकून तसंच गातो. मग त्याचे पुष्कळ टेक घ्यायचे आणि एकातून एक शब्द, दुसऱ्यातून एक अक्षर असं उचलून एक सलग गाणं शिवायचं. मीही हे करतो, नाकारत नाही. जयंतीच्या आदल्या रात्री आवाज बसलेला गायक आला तर दुसरं काय करणार? पण त्याची काही गाणी ऐकताना मला इस्त्रीचा वास येतो. कुठं एक सुरकुती नाही. आपल्याकडे हलगीवाला भरात आला की लय थोडी पुढं ओढतो, आणि अंगावर काटा येतो तो तिथंच. तसा काटा त्याच्या गाण्यांत मला क्वचित आलाय. त्याचे चाहते रागावतील, रागावू द्या.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण नावांची यादी वाचून दाखवण्यात मजा नाही. 2000 साली शेरॉन बंद झाला. लोक म्हणाले, संपलं याचं. 2004 ला केली क्लार्कसन या गायिकेसाठी त्यानं करकरीत गिटारचं गाणं केलं आणि सूर बदलला. मग 2008 मध्ये केटी पेरी आणि पिंक या गायिकांची गाणी. 2014 ला टेलर स्विफ्टच्या '1989' या अल्बमवर तिच्याबरोबर त्याचा हात होता, आणि त्याच सुमाराला, 2015 मध्ये, निर्माता म्हणून त्याला ग्रॅमी मिळालं. 2016 ला स्वीडनचं पोलर संगीत पारितोषिक. 2020 मध्ये द वीकेंड या गायकाचं 'ब्लाइंडिंग लाइट्स' पहिल्या नंबरावर गेलं. गाण्यांचे नंबर लावणाऱ्या अमेरिकेच्या बिलबोर्डनं आजवरच्या साऱ्या यशस्वी गाण्यांत त्या गाण्याला पहिलं स्थान दिलंय. 2024 मध्ये मॅक्सचं 27 वं गाणं बिलबोर्डच्या पहिल्या नंबरावर गेलं, तेव्हा गीतकार म्हणून तो जॉन लेननच्या पुढं गेला. लेननची 26. आता पुढं फक्त पॉल मॅकार्टनी, 32 वर.

आणि एवढं होऊन हा माणूस मुलाखती फारशा देत नाही. रस्त्यात भेटला तर कुणी ओळखणार नाही. चादरीवर विणणाऱ्याचं नाव नसतं, गिरणीचं असतं, याचं आम्हाला काही वाटत नाही. पण गाण्याच्या बाबतीत मी स्वतः अजून इतका शहाणा झालेलो नाही. माझं गाणं मिरवणुकीत वाजलं की शेजारच्याला कोपर मारून सांगतो, आपलंच आहे.

मध्ये एकदा आईला ते 'ब्लाइंडिंग लाइट्स' ऐकवलं. विड्या तिनं सोडल्यात, डोळे साथ देत नाहीत. सूप नव्हतं, नुसतीच बसली होती. सुरुवातीला कपाळाला आठ्या. मग की-बोर्डची ती फिरती ओळ आली, आणि पदराचं टोक तिनं बोटांत धरून वळायला घेतलं. अर्ध्यावर विचारलं, कुठल्या भाषेत आहे? मी म्हटलं, इंग्रजीत. लिहिणारा? त्याची घरची भाषा वेगळी. ती तेलुगूत म्हणाली, मग आपल्यासारखाच की. आणि टीव्ही लाव म्हणाली.

श्रोतेहो, आज संध्याकाळी माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. गड्ड्याच्या यात्रेसाठी चार पोरांनी सिद्धेश्वराचं गाणं रचलंय. सात नंदीध्वज आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' सगळं त्यात आलंय, चालही चांगली आहे. दुसऱ्या ओळीत फक्त एक अक्षर जास्त होतंय. पोरं म्हणतात काढायचं नाही, तो शब्द आजोबांचा आहे. मी काल रात्री बारापर्यंत की-बोर्डवर बसून बघितलं. बसत नाही. आज पुन्हा बसतो.

नमस्कार.