तापलेल्या पात्यातलं ॲल्युमिनियम

नमस्कार मंडळी. कपडे वाळत घालायची नवी नायलॉनची दोरी ताणून बांधली, तरी दोन-तीन महिन्यांत तिला मधे झोळ पडतोच. ती तुटलेली नसते, कुणी जास्त वजनही टाकलेलं नसतं. त्याच भाराखाली ती थोडी थोडी लांबत गेलेली असते. याला क्रीप म्हणतात. मराठी पर्याय आहेत, पण कारखान्यात आणि वर्गात सगळे क्रीपच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो.

धातूही असेच लांबतात, फक्त त्यांना उष्णता लागते. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं. जेट इंजिनातल्या टर्बाइनचं पातं हजार अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि त्याच अवस्थेत मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेत असतं. तळहातावर मावणारं ते पातं स्वतःच्याच फिरण्याने कित्येक टनांच्या ओढीखाली असतं. मिलिमीटरच्या काही अंशांनी जरी लांबलं तरी भोवतालच्या कवचाला घासायला लागतं.

आता हे लांबणं होतं कसं? मोठी सतरंजी एकदम ओढली तर हलत नाही. तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली, की सतरंजी सरकते. धातूच्या स्फटिकात अणूंच्या थरांमध्ये अशाच सुरकुत्या असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. म्हणजे क्रीप थोपवायचा तर सुरकुती अडवली पाहिजे.

जुन्या विजेच्या शेगडीतली लालभडक तार आठवते? ती नायक्रोमची, साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटल यांचं जेट इंजिन आकार घेत होतं, तेव्हा पात्यांसाठी याच मिश्रधातूत थोडं टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम घातलं गेलं. त्यातून निमोनिक ८० तयार झाला. मला या विषयाचं वेड लागलं ते इथेच. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि धातूला उष्णतेत उभं ठेवतं तेच!

कारण ते सुटं राहत नाही. तीन निकेल आणि एक ॲल्युमिनियम अशी शिस्तीची मांडणी करून त्याचे बारीक कण बनतात, त्यांना गॅमा प्राइम म्हणतात. सुरकुती त्या कणात शिरली की मांडणी बिघडते. बिघडलेली घडी बसवायला मागून दुसरी सुरकुती यावी लागते, म्हणून त्या जोडीनेच फिरतात. आणि तापमान वाढलं की या जोडीचा काही भाग वेगळ्या प्रतलावर घसरून तिथेच अडकतो. त्यामुळे गॅमा प्राइम सुमारे ७००-८०० अंशांपर्यंत तापवत नेलं तर मऊ पडण्याऐवजी अधिक कणखर होतं. इतकी वर्षं शिकवतोय, पण हा आलेख फळ्यावर काढताना मला अजून आनंद होतो.

सुरुवातीच्या निमोनिकमध्ये हे कण एक पंचमांशाच्या आसपास होते. आजच्या पात्यांसाठीच्या सीएमएसएक्स-४ या निकेलच्या मिश्रधातूत ते सुमारे ७० टक्के जागा व्यापतात. तिथे प्रत्येक कण घनाच्या आकाराचा असतो, बाजू साधारण अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. टँटलम आणि टायटॅनियम या घनांमध्ये ॲल्युमिनियमची जागा घेऊन त्यांना बळ देतात. घनांमधल्या चिंचोळ्या गल्ल्यांत टंगस्टन, मॉलिब्डेनम आणि ऱ्हेनियम बसतात. ऱ्हेनियमचा अणू निकेलमध्ये अतिशय मंद चालतो, आणि अणूच हलेनात तर क्रीपही मंदावतो. एकस्फटिकी, म्हणजे अख्खं पातं एकाच स्फटिकाचं असलेल्या, पात्यांच्या दुसऱ्या पिढीत ३ टक्के ऱ्हेनियम आलं, तेव्हा सुमारे ३० अंश जास्त तापमान सोसता येऊ लागलं.

मग आणखी का घालू नये? तिसऱ्या पिढीत ६ टक्क्यांपर्यंत गेले. पण ही जड मूलद्रव्यं फार झाली की वापरात असताना धातूच्या आत सुयांसारख्या ठिसूळ रचना वाढतात. त्या टाळायला क्रोमियम कमी करावं लागलं: निमोनिकमधल्या २० वरून सीएमएसएक्स-४ मध्ये ६.५, आणि सीएमएसएक्स-१० मध्ये फक्त २ टक्के. क्रोमियम गंजापासून राखण करतं. ते काढलं की सगळी भिस्त पात्यावरच्या संरक्षक लेपावर येते, आणि समुद्राकाठच्या खारट हवेत उडणाऱ्या इंजिनाला हा व्यवहार महाग पडू शकतो. नुसत्या क्रीपच्या आकड्यावर मिश्रधातू निवडू नये असं मी विद्यार्थ्यांना सांगतो, ते यासाठीच. पुढच्या पिढ्यांमध्ये सुया रोखायला रुथेनियम घातलं गेलं. जनरल इलेक्ट्रिकने उलटी वाट धरून ऱ्हेनियम दीड टक्क्यावर आणलं, कारण ते फार दुर्मिळ आणि महाग आहे.

क्रीपच्या चाचणीतून उतरवलेला नमुना कधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. चाचणीआधी नीट बसवलेल्या फरशीसारखे चौकोन दिसतात. ११०० अंशांना काहीशे तास भार सोसल्यावर तेच चौकोन एकमेकांत मिसळून ओढीला आडवे थर होतात. थर आडवे होणार की उभे, हे घन आणि गल्ली यांच्या अणुअंतरातल्या फरकावर ठरतं. तो फरक एक टक्क्याहूनही कमी असतो, आणि भट्टीत मिश्रण घालतानाच ठरून गेलेला असतो.