राजधानी का हलते? चीनच्या जुन्या शहरांची ओळख

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

चीनच्या ऐतिहासिक शहरांची ओळख करून द्या, असा आयोजकांचा निरोप आला, तेव्हा पडद्यावर राजवाडे, पॅगोडे आणि मातीचे सैनिक दाखवून मोकळं होता आलं असतं. पण समोर नागपूरकर बसणार होते. राजधानी गेली की शहराचं काय होतं, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली आणि आपल्या हाती उरलं ते १९५३ च्या नागपूर करारातलं अधिवेशन. त्याच्या कितीतरी आधी देवगडच्या गोंड राजांची राजधानी डोंगर उतरून नाग नदीच्या काठी आली होती. रामटेकजवळचं नगरधन आज लहानसं गाव आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. म्हणून मी चीनची शहरं एकाच प्रश्नामागे लावून पाहणार आहे. राजधानी का हलते?

राजाची लहर, लढाई, परचक्र ही कारणं सगळीकडे असतात, चीनमध्येही होती. पण हा सगळा इतिहास वाचताना माझं मत असं झालं की तिथं राजधानीला ओढून नेणारी सगळ्यात मोठी गोष्ट धान्य होती. धान्य पिकतं कुठं आणि ते दरबारापर्यंत, फौजेपर्यंत पोचतं कसं? पश्चिमेला शिआन, तिथून पूर्वेला लोयांग, आणखी पूर्वेला काइफंग. ही तिन्ही शहरं नकाशावर जवळजवळ एका आडव्या रेषेत आहेत, पीत नदीच्या खोऱ्यात. दक्षिणेला यांगत्से नदीच्या प्रदेशात नानजिंग आणि हांगझोऊ. उत्तरेला बीजिंग. हजार-बाराशे वर्षांच्या काळात राजधानी या रेषेवरून आधी पूर्वेला सरकली आणि मग दक्षिण-उत्तर अशी फिरली.

आणखी एक सांगतो. आपल्याला वेरूळची लेणी, हेमाडपंती देवळं पाहायची सवय. जुनं म्हणजे दगडात उभं असलेलं, असं आपण धरून चालतो. चिनी शहर लाकूड आणि चोपून घट्ट केलेली माती यांचं. महाल लाकडी, तटबंदी मातीची. आग लागली, पूर आला, शत्रू आला की शहर जमिनीला मिळायचं. त्यामुळे जुनी वास्तू शोधत फिरलात तर हाती थोडंच लागेल. रस्त्यांची आखणी, तटाची रेघ, कालव्याचं पात्र, हे पाहायला शिकावं लागतं.

आता शिआन. त्याचं जुनं नाव चांगआन. हान राजवंशाची राजधानी इथं होती आणि पुढे ५८२ मध्ये सुई घराण्याच्या सम्राटानं शेजारीच नवं शहर आखून घेतलं. युवन काय नावाच्या अधिकाऱ्यानं ते आखलं. पुढे थांग घराण्याच्या काळात, म्हणजे ६१८ ते ९०७, हे जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. तटाच्या आतलं क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस किलोमीटर. मधला राजरस्ता दीडशे मीटर रुंद. सगळं शहर चौकोनी पेठांत वाटलेलं, शंभरावर पेठा, प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत आणि वेशी. संध्याकाळी नगारा वाजला की वेशी बंद. रात्री रस्त्यावर सापडलात तर फटके. पूर्वेला एक बाजार, पश्चिमेला एक. पश्चिमेच्या बाजारात इराणी आणि मध्य आशियातल्या सोग्दी व्यापाऱ्यांची वर्दळ असायची. शहरात ख्रिस्ती प्रार्थनास्थळही होतं, आणि त्या पंथाची हकीकत सांगणारा ७८१ सालचा शिलालेख आजही शिआनच्या संग्रहालयात आहे.

याच शहरातून युआन श्वांग हा बौद्ध भिक्षू भारताकडे निघाला. सरहद्द ओलांडायला बंदी होती, तरी परवानगी न घेता निघाला. नालंदेला शिकला, पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं आपल्याबद्दल लिहून ठेवलं. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन चांगआनला परतला तेव्हा त्याला पाहायला रस्त्यांवर माणसं मावेनात. आणलेले ग्रंथ नीट राहावेत म्हणून ६५२ मध्ये जो पॅगोडा उभारला, तो पुढे नव्यानं बांधला गेला, आणि त्याच रूपात आज शिआनमध्ये उभा आहे. सात मजली, सुमारे ६४ मीटर उंच. मूळच्या थांग शहरातलं जमिनीवर जे थोडं उरलं, त्यात हा आहे. नागपुरात दीक्षाभूमीच्या सावलीत वाढलेल्या माणसानं त्या पॅगोड्यासमोर उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे जे ग्रंथ हरवले त्यांतले कितीतरी चिनी भाषेत टिकले, ते त्या माणसाच्या एकोणीस वर्षांच्या भाषांतराच्या कामामुळे.

आणि मातीचे सैनिक? ते शिआनच्या पूर्वेला, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ, १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडले. त्यांच्याबद्दल इतकं बोललं जातं की आज मी पुढे जातो.

युआन श्वांग परतला तेव्हा सम्राट थायत्सुंग चांगआनला नव्हताच. मोहिमेच्या तयारीसाठी लोयांगला होता, आणि दोघांची भेट तिथं झाली. थांग सम्राटांचं लोयांगला जाणं-येणं सतत चालायचं, आणि त्याचं एक मोठं कारण पोट होतं. चांगआनभोवतीचं खोरं सुपीक, पण लहान. लाखोंचं शहर आणि फौज त्यावर पोसली जात नव्हती. बाहेरून धान्य आणायचं तर पीत नदीतून वर यावं लागे, आणि वाटेत सानमनच्या घळईत खडकांवर होड्या फुटत. दुष्काळ पडला की सगळा दरबार उठून लोयांगला जाई, कारण धान्य तिथवर सहज पोचायचं. चुंगत्सुंग नावाच्या सम्राटाला ७०९ च्या टंचाईत मंत्र्यांनी तेच सुचवलं तेव्हा तो भडकला. धान्यामागे धावणारा सम्राट कुठं असतो का, असं त्यानं विचारल्याची नोंद आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे मात्र धावलेच.

लोयांगला धान्य पोचायचं ते कालव्यातून. ६०५ पासून सुई सम्राट यांगदीनं लाखो माणसं राबवून कालवे खोदून घेतले आणि दक्षिणेचा भातपट्टा लोयांगला जोडला. त्या वेठबिगारीत असंख्य माणसं मेली आणि त्याचं घराणंही बुडालं. कालवा राहिला. लोयांगमध्ये हानजिया नावाचं सरकारी कोठार उत्खननात सापडलं आहे. जमिनीत खणलेली अडीचशेहून जास्त प्रचंड पेवं! आपल्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना पेव म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. त्यांतल्या एका पेवात तर थांग काळातलं धान्य काळं पडून तसंच साठलेलं मिळालं. माझ्या लेखी त्या देशातलं ते सर्वांत बोलकं स्मारक आहे.

लोयांग आपल्याला आणखी एका कारणानं जवळचं. परंपरा सांगते की इसवी सन ६८ मध्ये काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भिक्षू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून इथं आले आणि त्यांच्यासाठी श्वेताश्व विहार बांधला गेला. विहार नांदता आहे. त्याच्या आवारात भारत सरकारनं सांचीच्या धर्तीवर मंदिर बांधून दिलं आणि २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. शहराबाहेर लुंगमनच्या लेण्यांत १७ मीटर उंचीचा वैरोचन बुद्ध आहे, ६७५ मध्ये पुरा झालेला. सम्राज्ञी वू हिनं त्यासाठी स्वतःचा पैसा दिला. अजिंठा पाहिलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही.

९०४ मध्ये चू वन नावाच्या सेनापतीनं सम्राटाला आणि चांगआनच्या लोकांना जबरदस्तीनं लोयांगला हलवलं. जाताना महाल आणि घरं पाडायला लावली आणि त्यांची लाकडं वेई नदीत सोडून दिली, खाली वाहत जायला. तीनशे वर्षांची राजधानी अशी नदीतून वाहून गेली. आज शिआनचा जो भक्कम तट आपण सायकलवरून फिरून पाहतो, तो १३७० च्या दशकातला, मिंग घराण्याच्या काळातला. सुमारे १४ किलोमीटर. त्याच्या आत जेवढं शहर मावतं, त्याच्या सात पटींहून मोठं थांगांचं चांगआन होतं.

पुढची मोठी राजधानी काइफंग, सुंग घराण्याची, ९६० ते ११२७. सपाट मैदान, ना डोंगर ना घाट. बचावाला इतकी वाईट जागा की पहिल्या सुंग सम्राटानं स्वतः राजधानी पश्चिमेला न्यायचा विचार बोलून दाखवला होता. पण दक्षिणेचं धान्य घेऊन येणारा कालवा शहराच्या मधून जात होता, आणि फौज त्या धान्यावर जगत होती. राजधानी हलली नाही.

मला स्वतःला हे शहर सर्वांत जास्त आवडतं. चांगआनमध्ये रात्री रस्त्यावर फिरणं गुन्हा होता. इथं पेठांच्या भिंती गेल्या, दुकानं थेट रस्त्यावर आली, रात्रभर बाजार चालू लागले. खानावळी, चहाची दुकानं, गोष्टी सांगणारे, कसरती करणारे. आज आपण ज्याला शहरी जगणं म्हणतो ते इथं हजार वर्षांपूर्वी दिसतं. चांग झदुआन या चित्रकाराची पाच मीटरहून लांब गुंडाळी बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. अशाच एका नदीकाठच्या नगराचं ते चित्र बहुतेक अभ्यासक काइफंगचं मानतात. कमानीच्या लाकडी पुलाखाली एक मोठी होडी अडकायला आली आहे, डोलकाठी खाली घ्यायची गडबड उडाली आहे, पुलावरची माणसं वाकून ओरडत आहेत. ती होडी, ते पात्र, काठावर उतरवली जाणारी पोती, यावरच ते सगळं शहर उभं होतं.

११२७ मध्ये उत्तरेच्या जुरचेन फौजांनी काइफंग घेतलं आणि गादीवरचा सम्राट व त्याचा बाप दोघांनाही कैद करून नेलं. त्यानंतर शहराला छळलं ते पीत नदीनं. १६४२ मध्ये बंडखोरांचा वेढा पडलेला असताना बंधारे फोडले गेले आणि लाखो माणसं बुडून मेली. पुरामागून पुराच्या गाळानं शहर गाडलं, आणि दर वेळी लोकांनी त्याच जागी वर नवं बांधलं. त्यामुळे आजच्या काइफंगच्या पोटात एकाखाली एक अशी जुनी काइफंगं आहेत. सुंग राजधानी कित्येक मीटर खाली. नदीचं पात्र मात्र गाळानं वर उचललेलं, शहराच्या जमिनीहून उंच. १०४९ चा लोखंडी पॅगोडा उभा आहे. तो लोखंडाचा नाही, चकाकत्या विटांचा, पण रंग गंजलेल्या लोखंडाचा. त्याचा पायथा गाळाखाली गेला आहे.

सुंगांचं उरलेलं घराणं दक्षिणेला पळालं आणि ११३८ मध्ये हांगझोऊला स्थिरावलं. धान्यापर्यंत राजधानी आता स्वतःच चालत आली होती. पश्चिम सरोवर, त्यावरचा कवी सू शी यानं अधिकारी असताना घातलेला बांध, रेशीम, चहा, या सगळ्याचं वर्णन तुम्हाला कुठंही मिळेल. मी एकच सांगतो. तिथला लिंगयिन विहार हुईली या भारतीय भिक्षूनं चौथ्या शतकात स्थापला, अशी परंपरा आहे. समोरची टेकडी पाहून हा तर आमचा मगधातला गृध्रकूट डोंगर, इथं उडून कसा आला, असं तो म्हणाल्याची कथा आहे. टेकडीचं नाव आजही त्यावरूनच.

नानजिंगला बऱ्याच घराण्यांनी राजधानी केलं. मिंगांचा संस्थापक हुंगवू यानं तिथं १३६६ पासून तट बांधायला घेतला. एकूण ३५ किलोमीटर, त्यातला सुमारे २५ किलोमीटर शिल्लक. त्या तटाच्या विटा जवळून पाहा. विटांवर जिल्हा, तालुका, अधिकारी, भट्टीवाला आणि वीट पाडणारा यांची नावं उमटवलेली सापडतात. वीट खराब निघाली तर कुणाला पकडायचं हे ठरलेलं! धाकापोटी का होईना, सहाशे वर्षांपूर्वी वीट पाडणाऱ्या गरीब माणसाचं नाव तिथं राहिलं. १३ डिसेंबर १९३७ नंतर जपानी फौजेनं याच शहरात आठवडेच्या आठवडे कत्तल आणि बलात्कार केले. तिथं गेलात तर त्या कत्तलीच्या स्मारकाला जाणं टाळू नका.

राहिलं बीजिंग. मंगोल सम्राट कुबलाई खानानं १२६७ पासून इथं शहर वसवलं. मिंग सम्राट योंगलनं १४०६ ते १४२० मध्ये राजवाडा बांधून १४२१ ला राजधानी नानजिंगहून इकडे आणली. मंगोलांच्या सरहद्दीवर नजर ठेवायला जागा उत्तम, खायला मात्र सगळं दक्षिणेतून. म्हणजे इथं उलटं झालं. राजधानी धान्याकडे गेली नाही, धान्य राजधानीकडे ओढून आणलं. क्वो शौजिंग या अभियंत्यानं डोंगरातले झरे वळवून १२९३ मध्ये कालव्याला पाणी दिलं आणि हांगझोऊकडच्या होड्या थेट शहरातल्या तळ्यापर्यंत आल्या. सुमारे १८०० किलोमीटरचा तो कालवा बंद पडला असता तर बीजिंग राजधानी राहिलं नसतं.

बीजिंगचा तट मात्र वीसाव्या शतकात पाडला, रस्त्यांसाठी आणि भुयारी रेल्वेसाठी. लिआंग सचंग या वास्तुशास्त्रज्ञानं विनवण्या केल्या, तटाच्या माथ्यावर लोकांसाठी बाग करा असा आराखडाही दिला. कुणी ऐकलं नाही. आज मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावर तुम्ही बसलात की बराच वेळ त्या तटाच्या रेघेवरून फिरत असता, आणि स्थानकांना वेशींची नावं आहेत. आपला जुम्मा दरवाजा, म्हणजे गांधी गेट, नागपूरच्या महाल भागात अजून उभा आहे. त्याची डागडुजी वेळच्या वेळी व्हावी यासाठी आपण बोलत राहिलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

शेवटी मघाशी एका ताईंनी विचारलं त्याबद्दल. आठवडाभरच मिळाला तर काय पाहावं? बीजिंग आणि शांघायच्या मोहात आठवडा घालवू नका. शिआनला उतरा, तिथून वेगवान गाडीनं लोयांग, मग काइफंग. तिन्ही शहरं एकाच पट्ट्यात आहेत, आणि राजधानी ज्या वाटेनं पूर्वेला सरकली त्याच वाटेनं तुमचा प्रवास होईल. लोयांगला एप्रिलमध्ये जाता आलं तर उत्तम. तेव्हा तिथं पिओनीची फुलं फुललेली असतात, आणि आपल्याकडे उन्हाळा तापलेला असतो.