फौजींचे गुडघे आणि फोनवरची कवायत

नमस्कार श्रोतेहो. आज मला बोलायचंय इंदूर-महूच्या माजी सैनिकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी.

महू म्हणजे छावणीचं गाव. फौजेतून निवृत्त होऊन इकडेच घर केलेली मराठी कुटुंबं आपल्या ओळखीची आहेत. पाठीवर ओझं घेऊन केलेली चाल, उड्या, जुन्या दुखापती, या सगळ्याचा हिशेब साठीनंतर गुडघे मागतात. मग काका खुर्ची धरतात. "झीज झालीच आहे, हलवून आणखी कशाला झिजवायचं?" फिजिओथेरपिस्ट म्हणून हा प्रश्न मी कायम ऐकते.

उलट आहे, काका. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाय हलला, दाब पडला आणि सुटला, की स्पंजासारखा तो द्रव आतबाहेर होतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. वजन जास्त असेल आणि एक किलो उतरलं, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं घटतो.

पण घरी एकट्यानं व्यायाम टिकत नाही. आयुष्यभर रांगेत कवायत केलेल्या माणसाचा तर नाहीच. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी १९८६ साली 'जेरोफिट' नावाचा गट-व्यायाम सुरू झाला. आता तो व्हिडिओवरही चालतो, लांब राहणारे घरूनच सामील होतात.

आपल्याला व्हॉट्सअॅपचा ग्रुप व्हिडिओ कॉल पुरतो. सूनबाई, नातवंडांनो, फोन डब्याला टेकवून असा ठेवा की काका टाचेपासून डोक्यापर्यंत दिसतील. नुसता चेहरा दिसला, तर उठताना गुडघा आत वळतोय हे मला कळणार कसं? खुर्ची बिनचाकांची, भिंतीला लावलेली. जमेल तसं हात न टेकता उठायचं, बसायचं. मग पाय लांब करून गुडघ्याखालचा गुंडाळलेला टॉवेल दाबायचा. एक जण आकडे म्हणतो, बाकीचे मागून. आवाज चढला की थकलेलाही आणखी दोनदा उठतो. माझ्या एकटीच्या सांगण्यानं हे झालं नसतं.

थोडं दुखेल. दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर हरकत नाही, नाहीतर आवर्तनं कमी करा. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. हृदयविकार असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर सुरुवातच त्यांना विचारून करा. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये औषधं आणायला जालच. तेव्हा हे विचारून घ्या, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या दोस्तांचे नंबरही घेऊन या.