किती चुकलं, त्यावरून काय चुकलं: स्टेपर मोटरच्या सीएनसीवरची मापं

सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या मशीनवर, जॉब (कापायचा तुकडा) ०.३ मिलिमीटरने चुकला की बहुतेकांचा पहिला हात जातो तो सॉफ्टवेअरमधल्या 'स्टेप्स पर मिलिमीटर'च्या, म्हणजे एक मिलिमीटर सरकायला मोटरला किती पल्स द्यायचे त्या आकड्याकडे. तो थोडा वरखाली करायचा, पुढचा जॉब काढायचा, पुन्हा बदलायचा. माझी कळकळीची विनंती आहे की आधी डायल (काट्याचं बारीक माप दाखवणारं गेज) लावा. चूक नेमकी किती आहे आणि ती कशामुळे वाढते, अंतरामुळे, दिशा बदलल्यामुळे की वेळेमुळे, एवढं कळलं की अर्धं काम झालं. स्टेपर मोटरच्या, म्हणजे ठराविक छोट्या टप्प्यांनी (स्टेपने) फिरणाऱ्या मोटरच्या मशीनवर बहुतेक वेळा चुकीच्या मापातच कारण सापडतं.

एक मशीन समोर धरू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. १.८ अंशांची मोटर, म्हणजे एका फेऱ्याला २०० पूर्ण स्टेप. मोटरला करंट देणाऱ्या डीएम५४२ ड्रायव्हरवर एका फेऱ्याला १६०० पल्सची सेटिंग. १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे व्यास १६ आणि लीड (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) ५ मिलिमीटर. कंट्रोलर ग्रबल, म्हणजे पल्स सोडणारं सॉफ्टवेअर; त्याच्या सेटिंग $० , $१ , $१०० अशा क्रमांकांनी ओळखल्या जातात. १६०० भागिले ५ म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पल्स, आणि एक पल्स म्हणजे ०.००३१२५ मिलिमीटर. आपल्या मशीनचा हा हिशेब कागदावर लिहून कंट्रोल पॅनेलच्या दारावर आतून चिकटवून ठेवा.

आता मोटरच्या पोटात बघू. रोटरला ५० दात असतात. भार झेपला नाही की रोटरची आणि फिरत्या चुंबकीय क्षेत्राची साथ सुटते. पुन्हा साथ जुळते तेव्हा रोटर पूर्ण दाताच्या हिशेबानेच मागेपुढे बसतो, कारण मधल्या जागी त्याला स्थिर राहता येत नाही. एक दात म्हणजे चार पूर्ण स्टेप, ७.२ अंश. आपल्या स्क्रूवर ५ भागिले ५०, म्हणजे बरोबर ०.१ मिलिमीटर. म्हणून चूक ०.१, ०.२, ०.३ अशीच येत असेल, तर मोटर सुटते आहे. ०.०४ किंवा ०.१७ अशी येत असेल, तर मोटरच्या ताकदीला दोष देण्याआधी दुसरीकडे बघा. डायल नेहमी एकाच बाजूने येऊन वाचा, नाहीतर बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना ढिलाईत वाया जाणारं अंतर, त्यात मिसळेल आणि हा हिशेब फसेल.

मोटर सुटत असेल तर $१२० मधलं त्या अक्षाचं अ‍ॅक्सिलरेशन निम्मं करून तोच प्रोग्रॅम चालवा. चूक गेली तर ताकद कमी पडत होती. $११० मधला वेग ३००० मिलिमीटर प्रति मिनिट असेल तर आपला स्क्रू ६०० आरपीएमने फिरतो. वेग वाढेल तसा मोटरच्या इंडक्टन्समुळे वाइंडिंगमध्ये करंट वेळेत चढत नाही आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) उतरतो. म्हणून २४ व्होल्टवर सुटणारी मोटर ३६ व्होल्टवर नीट चालते. डीएम५४२ची मर्यादा ५० व्होल्ट आहे, पण ब्रेकिंगच्या वेळी मोटरकडून व्होल्टेज उलटं येतं, त्यामुळे त्या मर्यादेला चिकटू नका. करंटच्या डिप स्विचचा (ड्रायव्हरवरच्या छोट्या स्विचांचा) तक्ता वाचताना पीक (कमाल) आणि आरएमएस (परिणामी) करंटचे दोन रकाने वेगळे असतात, तेही बघा. आणि हे सगळं करण्याआधी वीज बंद करून, कपलिंग (मोटर आणि स्क्रूचा जोड) सोडून स्क्रू हाताने फिरवा. एका ठिकाणी जड लागत असेल तर स्क्रू आणि रेल समांतर नाहीत, आणि तिथे व्होल्टेज वाढवणं म्हणजे दुखणं झाकणं आहे.

सगळ्यात फसवी चूक दिशेच्या सिग्नलची. ड्रायव्हरला दिशा पल्सच्या आधी कळायला हवी. डीएम५४२ला त्यासाठी ५ मायक्रोसेकंद लागतात. ग्रबल मात्र मूळ सेटिंगमध्ये दिशा आणि पल्स जवळजवळ एकाच क्षणी सोडतो. ड्रायव्हरच्या आतला ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) चालू होताना चटकन होतो, बंद होताना रेंगाळतो. मग एका बाजूला वळताना पहिली स्टेप जुन्याच दिशेला पडते, दुसऱ्या बाजूला वळताना ती बरोबर पडते. प्रत्येक जाण्यायेण्याला दोन पल्सचा फरक, म्हणजे ०.००६२५ मिलिमीटर. एकदा जाऊन आलात तर डायलवर काही कळणारही नाही. पण शेतात नांगर फिरवावा तसं पॉकेट (खोलगट खाच) काढताना कटर १०० वेळा जाऊन येतो, आणि ०.६२५ मिलिमीटर सरकलेलं असतं. ओळखायचं कसं? अक्ष १ मिलिमीटर पुढे, १ मिलिमीटर मागे, असा १०० वेळा हलवा. मग वेग निम्मा करून पुन्हा तेच करा. दोन्ही वेळा चूक तेवढीच आणि एकाच दिशेला आली, तर दिशेचाच घोळ. उपाय ग्रबलच्या config.h फाइलमध्ये आहे: STEP_PULSE_DELAY ही ओळ चालू करून १० मायक्रोसेकंद द्या आणि पुन्हा कंपाइल करा. $० मधली पल्सची लांबी १० आहे, ती कमी करू नका.

बॅकलॅश याच्या उलट वागतो. तो साठत नाही. दहा वेळा वळा किंवा हजार वेळा, फरक तेवढाच. डायल टेबलाला लावा, एका बाजूने येऊन शून्य करा, मग उलट दिशेला ०.०१ च्या पावलांनी सरकवा आणि काटा कधी हलतो ते मोजा. तो कुठून येतो हे शोधायला दुसरा डायल स्क्रूच्या टोकाला उभा करा. वळताना स्क्रूच पुढेमागे सरकत असेल तर फिक्स्ड बाजूचं बेअरिंग किंवा त्याचा लॉकनट सैल आहे. स्क्रू जागेवर आणि टेबल मागे राहत असेल तर दोष नटमध्ये. कपलिंगवर आणि शाफ्टवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की कपलिंग शाफ्टला धरणारा ग्रब स्क्रू घसरला, यापेक्षा स्वस्त तपासणी नाही. ग्रबलमध्ये बॅकलॅशची भरपाई नाही, त्यामुळे पाना हातात घेण्यावाचून इलाज नाही.

कारण अजिबात लागत नसेल तर एकच प्रोग्रॅम तीनदा चालवा. पहिल्यांदा हवेत, स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) बंद. दुसऱ्यांदा हवेतच, स्पिंडल चालू. तिसऱ्यांदा जॉबवर. पहिल्यातच चुकलं तर वेग, अ‍ॅक्सिलरेशन किंवा सिग्नल. दुसऱ्यात चुकायला लागलं तर व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचा) नॉइज: स्पिंडलची शील्डेड केबल पल्सच्या तारांपासून दूर न्या, आणि पल्सच्या तारांची शील्ड कंट्रोलरच्या एकाच टोकाला अर्थ करा. फक्त तिसऱ्यात चुकलं तर भार, आणि त्याहीआधी क्लॅम्प तपासा. जॉबच सरकला असेल तर मोटर बिचारी निर्दोष असते.

झेड, म्हणजे उभा अक्ष वेगळा बघा. $१ मध्ये २५ असेल तर थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटर सैल पडते आणि जड स्पिंडल खाली उतरू शकतो. तिथे २५५ ठेवा, म्हणजे मोटर धरून राहील.

स्टेप्स पर मिलिमीटरकडे मी आता येतो, मुद्दाम शेवटी. $१०० मध्ये हिशेबाने आलेला ३२० हाच आकडा ठेवा. १०० मिलिमीटरला ५० किंवा २०० अंतर जात असेल तर डिप स्विच चुकला. सी७ दर्जाच्या स्क्रूची चूक ३०० मिलिमीटरला ०.०५ एवढीच धरलेली असते, त्यामुळे १०० ला ०.२ चा फरक दिसला तर स्क्रूआधी मोजण्याच्या पद्धतीवर संशय घ्या. फरक खरंच अंतराच्या प्रमाणात आहे का, हे ५०, १०० आणि २०० वर, एकाच बाजूने येऊन तपासा. २०० ला चूक ५० च्या चौपट आली तरच तो आकडा बदला.