पहाटे दोनची हाक

[दृश्य: शाळेच्या जुन्या नोंदवहीचं पान. कॅमेरा हळूहळू एका ओळीवर येतो.]

साताऱ्यातलं आजचं प्रतापसिंह हायस्कूल. तारीख ७ नोव्हेंबर १९००. अनुक्रमांक १९१४. नाव, भिवा रामजी आंबेडकर.

या तारखेला महाराष्ट्र आता विद्यार्थी दिवस पाळतो. या ओळीचे फोटो दरवर्षी फिरतात, आणि बघणाऱ्याची नजर भिवावर जाते, आंबेडकरांवर जाते. मधलं नाव आपण वाचतो आणि पुढे सरकतो. बापाच्या नावाचं असंच असतं, ते मधेच राहतं.

आज जरा त्या मधल्या नावापाशी थांबू.

[दृश्य: कोकणातली पायवाट, मग लष्करी छावणीतली बराक.]

रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील फौजेत होते, रामजीही फौजेत गेले आणि सुभेदार झाले. पण त्यांची खरी नोकरी खडू-फळ्याची. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून ते शिक्षक होऊन बाहेर पडले आणि पुढे चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नसतं, तो छावणीत शाळा चालवत होता. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना चौदावं अपत्य झालं. तोच हा भिवा.

चौदा मुलं. त्यांतली टिकली पाच. नऊ वेळा या घराने काय सोसलं असेल, त्याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं सापडत नाही. त्या काळी ते लिहिण्यासारखं कुणाला वाटतही नसे.

भिवा दोन-तीन वर्षांचा असताना रामजी निवृत्त झाले. मुक्काम आधी दापोली, मग सातारा. कबीरपंथी माणूस, दारू-मांसाला शिवायचं नाही. संध्याकाळ झाली की घरात भजन, आणि मुलांनी रामायण-महाभारत मोठ्याने वाचायचं. मुलाने एकदा विचारलं, ही पुस्तकं आपण का वाचायची? रामजींचं उत्तर बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं आहे. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड बसेल, तो घालवायला ही वाचायची. कर्ण बघा, वाल्मीकी बघा. मुलाला ते काही पटलं नाही. बापाने उत्तर दिलं, मुलाने ते तपासून बाजूला ठेवलं. असा वाद ज्या घरात चालतो, त्या घरात शिस्त कितीही कडक असली तरी तोंड बंद ठेवावं लागत नसणार.

इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा सरकारकडे अर्ज करण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत मागायला हेच रामजी गेले होते. ती हकीकत मोठी आहे. आपण घरात परत येऊ.

[दृश्य: रिकामा स्वयंपाकओटा, विझलेली चूल.]

१८९६. साताऱ्यात भिवाची आई, भीमाबाई गेल्या. भिवा जेमतेम पाच वर्षांचा. घर सांभाळायला आल्या रामजींच्या बहीण, मीराआत्या. पाठीला कुबड, पायांनी अधू, पण जीव लावणारी बाई.

आणि मग दुष्काळ. खटाव तालुक्यात दुष्काळी काम निघालं, तलाव खोदायचं. तिथे रामजींना खजिनदाराची नोकरी मिळाली. पेन्शनवर एवढं घर चालत नव्हतं, दुसरं काय! मागे साताऱ्यात आत्या, दोन मुलगे, आणि वारलेल्या मोठ्या लेकीची दोन मुलं. नातवंडंही त्यांच्याच पदरात होती. आत्याला झेपेना तसा स्वयंपाक पोरंच करू लागली. पोळ्या जमेनात, म्हणून भात.

सुट्टीत मुलांनी वडिलांकडे यायचं ठरलं. १९०१च्या सुमाराची ही गोष्ट. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी. मसूर स्टेशनवर पोरं उतरली, आणि न्यायला कुणीच नाही.

पुढचं आपण शाळेत वाचलेलं असतं. जात कळताच पाठ फिरवणारा स्टेशनमास्तर. दुप्पट भाडं घेणारा आणि तरीही पोरांनाच बैल हाकायला लावून स्वतः बाजूने चालणारा गाडीवान. शेजारी डबा भरलेला असूनही पाण्याविना काढलेली उपाशी रात्र. दुसऱ्या दिवशी धुळीने माखलेली मुलं दारात उभी राहिली, तेव्हा रामजी चकित झाले. ते म्हणाले, तुम्ही येणार हे मला कळवलंच नाही. मुलं म्हणाली, पत्र टाकलं होतं. मागाहून उलगडा झाला. पत्र पोचलं होतं, नोकराने ते त्यांच्या हातात दिलंच नव्हतं.

बाबासाहेबांनी हा प्रसंग मुलाच्या बाजूने लिहिला, तो तसाच लिहायला हवा होता. पण बापाच्या बाजूनेही एकदा उभं राहून बघावं. लोकांच्या मजुरीचा पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि त्याच्या नावाचं एक पत्र त्याच्यापर्यंत येत नाही.

सगळं गोडच होतं असं नाही. रामजींनी दुसरं लग्न केलं. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून भिवाचं मन कडू झालं. बापाच्या पैशावर जगायचंच नाही, मुंबईच्या गिरणीत काम करायचं, असं त्याने ठरवलं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी रात्री लांबवली. निघाला अर्धा आणा! मुंबई राहिली. मुलगा चडफडत अभ्यासाला लागला.

[दृश्य: परळची चाळ. रात्र. एका खोलीत मिणमिणता दिवा.]

मुंबईला ते सगळेच आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. भांडी, कपडे, चुलीचा धूर, आणि माणसं. उशाशी जातं, पायथ्याशी बकरी. भीमराव आता एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. या खोलीत दिवसा पुस्तक उघडणं अशक्य. म्हणून बापलेकाने रात्र वाटून घेतली. मुलाने लवकर झोपायचं. बापाने दोनपर्यंत जागायचं. दोन वाजले की मुलाला उठवायचं, आणि त्याने सोडलेल्या जागेवर स्वतः आडवं व्हायचं. मग दिवा मुलाचा, अंथरूण बापाचं.

एखाद्या परीक्षेपुरतं कुणीही जागतं. इथे ही रोजची पाळी होती, आणि करणारा उतारवयातला पेन्शनर होता.

शिकवणीही घरातच. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला, म्हणजे मराठीतून इंग्रजी शिकवणारी पुस्तकं, रामजींनी मुलाकडून घोटून घेतली. मराठी वाक्याला नेमका इंग्रजी शब्द कुठला, हा त्यांचा आग्रह. पुढे ज्या इंग्रजीने देशाच्या राज्यघटनेचा मसुदा झाला, तिचा पाया या माणसाने घातला.

मुलाला पुस्तकांचं वेड. शाळेची पुस्तकं वेगळी, ही वेगळीच. नवं पुस्तक मागितलं की रामजी टोपी घालून निघायचे, लग्न झालेल्या लेकीकडे. तिच्याकडे पैसे असले तर ठीक. नसले तर ती अंगावरचा दागिना काढून द्यायची, तो सावकाराकडे गहाण पडायचा, आणि पुस्तक घरी यायचं. पेन्शन हाती पडली की दागिना सोडवायचा आणि लेकीला परत करायचा. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तोच रस्ता. लेकीच्या दारात बापाने मागायला जायचं, आपल्याकडे याला काय म्हणतात ते सांगायला नको. रामजी जात राहिले. आणि ती देत राहिली, हेही इथे म्हटलंच पाहिजे.

इतकं करूनही मुलगा इंग्रजी चौथी पास झाल्यावर लोकांनी सत्काराचा घाट घातला, तर हे म्हणाले, नको, डोक्यात हवा जाईल. शेवटी त्यांचे स्नेही दादा केळुसकर यांनी समजूत घातली तेव्हा कुठे तयार झाले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. मग एल्फिन्स्टन कॉलेज, सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, बी.ए. आणि १९१३च्या जानेवारीत बडोदा संस्थानची नोकरी. मुलाने बडोद्याला जावं हे रामजींच्या मनात नव्हतं. मुलगा गेला.

[दृश्य: रात्रीचा रेल्वे फलाट. दूर जाणारा लाल दिवा.]

थोड्याच दिवसांत तार आली. वडील अत्यवस्थ.

भीमराव निघाला. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला, आणि गाडी सुटली. दुसरी गाडी मिळून मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला.

२ फेब्रुवारी १९१३. रामजींची नजर या मुलाला शोधत होती. तो दिसला. बोलवेना. पहाटे दोनला ज्याला इतकी वर्षं उठवलं, त्याच्या पाठीवरून त्यांचा हात एकदा फिरला, आणि थांबला.

[दृश्य: नोंदवहीची तीच ओळ. मधलं नाव.]